डिंक बाटलीला का चिकटत नाही

सदाशिवराव नाटेकरांना जयपुरात काहीच आवडत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. इथलं ऊन आवडत नव्हतं, विहिरीचं मचूळ पाणी आवडत नव्हतं, आणि मासे मिळत नाहीत म्हणून आख्खा बाजारच आवडत नव्हता. पण ही सगळी नावड तागडीच्या एका पारड्यात आणि नंदकिशोर पांढरीपांडे दुसऱ्या पारड्यात घातला असता, तर पांढरीपांड्याचं पारडं धाडकन खाली गेलं असतं.

साल एकोणीसशे एकोणसाठ. नाटेकर रत्नागिरीहून बदलून आले त्याला आठ महिने झाले होते. ऑफिस केंद्र सरकारचं, बनी पार्कातल्या एका भाड्याच्या बंगल्यात. कुठलं खातं ते विचारू नका, उगाच कुणाच्या पेन्शनीवर यायचं. नाटेकर तिथे हेडक्लार्क. नोकरीची एकतीस वर्षं झालेली, आणि एकतीस वर्षांत कागदाला एक डाग नाही, हे ते दिवसातून दोनदा तरी सांगत. पांढरीपांडे नागपूरचा, सत्ताविशीचा, बी.एस्सी. झालेला, आणि अजून टेंपररी. ऑफिसातले लोक त्याला सरळ 'पांडेजी' म्हणत आणि तो खुशाल ओ देई.

"आज आडनाव सोडलं, उद्या बापाला सोडील," नाटेकर घरी येऊन म्हणत.

"अहो, त्याच्या बापाचं तुम्हाला काय पडलंय?" रमाबाई विचारत.

खरं कारण निराळंच होतं. नाटेकर रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात पांढरीपांड्याने सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "नाटेकर साहेब, या मसुद्यात तारीख चुकून राहिली जी." कार्टा खोटं बोलला असता तर नाटेकरांनी त्याला माफही केलं असतं. पण तारीख खरंच चुकली होती. तेव्हापासून त्याचं 'करून राहिलो', 'येऊन राहिलो' कानावर पडलं की नाटेकरांच्या कपाळाची शीर उडायला लागे.

मार्च संपला आणि गोपनीय अहवाल लिहायचे दिवस आले. प्रत्येक कारकुनाबद्दल वरिष्ठाने चार ओळी लिहायच्या, पाकिटात बंद करायच्या आणि साहेबांकडे पाठवायच्या. कारकून कायम होणार की घरी जाणार, हे त्या चार ओळींवर. नाटेकरांनी पांढरीपांड्याबद्दल लिहिलं: काम चोख, स्वभाव उद्धट, विश्वास टाकण्याजोगा नाही. शेवटचे शब्द लिहून झाल्यावर त्यांना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

आता पाकीट बंद करणं. हा तर नाटेकरांचा हातखंडा! कोकणात पावसाच्या चार महिन्यांत पत्र्याच्या पेटीतल्या कागदालासुद्धा बुरशी येते, पाकिटं आपोआप सुटतात, शाई पसरते. नाटेकरांनी तिथे स्वतःची पद्धत बसवली होती. फ्लॅपला डिंक दाट लावायचा, तळहाताने दाबायचा, मग मेणकापडात गुंडाळून सुतळीच्या चार गाठी. एकतीस वर्षांत त्यांचं एकही पाकीट वाटेत सुटलं नव्हतं. रत्नागिरीला या कामात एकच अडचण होती, ती म्हणजे हणमंत शिपाई. डिंक लावलेली पाकिटं त्याच्या हातात दिली की तो ती घेऊन मागच्या बाजूला जायचा आणि पाव-अर्धा तास गायब. विडी ओढत बसतो म्हणून नाटेकरांनी त्याला किती झापलं असेल याची गणती नाही. जयपुरात हणमंत नव्हता. इथे नाटेकर स्वतःच डिंक लावत आणि स्वतःच मेणकापड आवळत. दोन मिनिटांत काम फत्ते.

त्या गुरुवारी ऑफिसचे मुख्य माथुर साहेब जयपूरजवळच्या बस्सी गावी दौऱ्यावर होते. अहवाल आजच्या आज पाठवा, असा त्यांचा निरोप आला. शिपाई लू, म्हणजे उन्हाची झळ, लागून आडवा झालेला. एरवी इथे जोडावर लाखेची मोहर असे, पण लाखेची कांडी संपलेली, तिची मागणी महिनाभर कागदावरच फिरत होती. बस्सीच्या बसमध्ये बसवून पाठवायला माणूस एकच मोकळा होता.

"हे नीट न्यायचं," नाटेकर म्हणाले. बोचकं हातात देताना त्यांनी ते क्षणभर सोडलंच नाही.

"नेतो जी," पांढरीपांडे म्हणाला.

दहा वाजता बंद केलेलं पाकीट तीन वाजता बस्सीच्या डाकबंगल्यात माथुर साहेबांनी सोडवलं. मेणकापड शाबूत, गाठी शाबूत, आणि आत पाकिटाचं तोंड उघडं! कागद अर्धे बाहेर आलेले. संध्याकाळी पांढरीपांडे माथुर साहेबांची चिठ्ठी घेऊन परत आला. 'लिफाफा खुला मिला. दोनों स्पष्टीकरण दें.'

नाटेकरांनी चिठ्ठी वाचली, आणि त्यांच्या डोक्यात एकच विचार आला: सापडला लेकाचा!

शुक्रवारी त्यांनी दोन पानं लिहून काढली. मी स्वतः बंद केलं, माझं पाकीट आजवर सुटलेलं नाही, वाटेत ते ज्याच्या हातात होतं त्यानेच उघडलं, वाचलं आणि पुन्हा गाठी मारल्या. टेंपररी माणसाला काढायला फारशी चौकशी लागत नाही. एक महिन्याची नोटीस, की गाव आणि रस्ता. आणि असा डाग घेऊन गेलेल्याला दुसरं सरकारी ऑफिस दारात उभं करत नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माणसाला जिंकल्याचा आनंद एकट्याला पचत नाही. शुक्रवारी संध्याकाळी टिपणिसांच्या घरी मराठी मंडळी जमायची. सगळी बदलीवर आलेली, बँकेतली, विम्यातली, दोन-तीन लष्करातली. अकरा कुटुंबं होती. तिथे पन्ह्याचा पेला हातात धरून नाटेकरांनी सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. सरकारी पाकीट फोडणारा माणूस उद्या तुमच्या घरात येऊन पेटी फोडायचा नाही कशावरून, असंही म्हणाले. टिपणिसांच्या सुनंदाबाईंनी गालावर हात ठेवला. "बाई बाई! आणि दिसतो किती गरीब!"

शनिवारी सकाळी पांढरीपांडे नाटेकरांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. डोळे तांबारलेले, दाढी केलेली नाही. टेबलावरची डिंकाची बाटली त्याने उचलली.

"ही बाटली दिवाळीत भरली, नाही का?"

"मग?"

"सहा महिने झाले. काचेला काहून चिकटून नाही गेला डिंक? चिकटवायचीच चीज आहे ना ही?"

"तुझ्या शाळेतले प्रश्न तुझ्या पोरीला विचार. पाकीट का फोडलंस ते सांग."

"मी नाही फोडलं. तेच सांगून राहिलो." त्याने बाटली हलवली, आतला डिंक संथ हलला. "डिंकात पाणी आहे. पाणी आहे तोवर तो नुसता ओला, धरत नाही कशाला. कागदावर लावला की काही पाणी कागद पितो, बाकीचं हवा पिते, आणि मागे राहतो तो डिंक दोन्ही कागद पकडतो. बाटलीला बूच आहे, पाणी जाईल कुठे? म्हणून आत चिकटत नाही. हे बघा, बुचाशी हवा लागते, तिथे कसा दगड झालाय." त्याने बूच फिरवून पाहिलं. ते हललंच नाही. "तुम्ही पाकीट ओलं असतानाच मेणकापडात बांधलं. मेणकापडातून हवा जात नाही, आणि कागद तरी किती पाणी पिणार? पाकीट बाटलीतच राहिलं ना साहेब! बसच्या धक्क्यांनी सुटलं."

नाटेकर उभे राहिले. "एकतीस वर्षं! तू चड्डीत होतास तेव्हापासून मी मेणकापडात पाकिटं बांधतोय. रत्नागिरीच्या पावसात एक सुटलं नाही, ते या भट्टीत सुटेल? चोर तो चोर आणि वर शिरजोर!"

सगळं ऑफिस बघत होतं. पांढरीपांड्याने बाटली जागेवर ठेवली आणि हेच सगळं लिहून दौऱ्यावरून परतलेल्या साहेबांना दिलं. शेवटी एक ओळ जास्त होती: माझ्यावर विश्वास नसेल तर प्रयोग करून पाहावा. माथुर साहेब स्वभावाने थंड. सोमवारी दहाला तसंच पाकीट बंद करू आणि तीनला उघडू, असं त्यांनी ठरवलं. सुटलं तर पांडेजी सुटले. चिकटलं तर नोटीस तयारच होती.

रविवारी सकाळी रमाबाईंचा पारा चढलेला होता. चहाची कपबशी त्यांनी अशी आदळली की बशीतला चहा नाटेकरांच्या धोतरावर उडाला.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? काल विभाकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं."

विभा पांढरीपांड्याची बायको. मागच्याच गल्लीत राहायची, कडेवर आठ महिन्यांची मुलगी.

"तू गेली नाहीस ना? मी सांगितलं होतं."

"नाही गेले. तुमची आज्ञा! कुणीच नाही गेलं. अकरा बायकांना बोलावणं होतं, अकरातली एक नाही फिरकली. परातभर आंब्याची डाळ वाटून, गौर मांडून ती पोरगी संध्याकाळपर्यंत दारात उभी होती. मी गच्चीवरून बघत होते. काळोख पडायच्या आत तिने डाळ गाईला घातली." रमाबाईंनी पदराने नाक पुसलं. "जळ्ळं मेलं ते पाकीट!"

"मी काय तिला बोललो होतो? तिच्या नवऱ्याने फोडलं."

"फोडलं कशावरून?"

या 'कशावरून'ने नाटेकर पेटले. आता दाखवतोच, म्हणून ते उठले. घरातला डिंक काढला, दोन पाकिटं घेतली, जाड कागद कोंबले, दोन्हींना सारखाच डिंक लावला. एक खिडकीत ठेवलं. दुसरं मेणकापडात, चार गाठी मारून. पाच तास त्यांनी पेपर वाचला, म्हणजे पेपरचं एकच पान पाच तास समोर धरलं.

दुपारी गाठी सोडल्या. मेणकापडाच्या आतून दमट वास आला. पाकिटाचं तोंड बोट लावायच्या आत उघडलं, आणि डिंकाची तार बोटाला लागून लांब झाली. खिडकीतलं पाकीट मात्र सुरीशिवाय उघडेना.

रमाबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"रत्नागिरीला तर कधी असं झालं नाही," नाटेकर म्हणाले. आवाज उतरला होता.

"कसं होईल? हणमंत शेकवायचा ना."

"काय शेकवायचा?"

"पाकिटं! आपण वर राहायचो, खाली ऑफिस. मागच्या पडवीत माझी शेगडी असायची. तुम्ही डिंक लावून दिलेली पाकिटं तो शेगडीवर धरून पाव तास वाळवायचा आणि मग तुम्हाला बांधायला आणून द्यायचा. मी विचारलं एकदा, तर म्हणाला, वयनी, ओली बांधली तर सुटतात, साहेबांना कुणी सांगायचं? तुम्ही त्याला विडीवरून शिव्या घालायचात. बिचारा कधी विडी ओढत नव्हता, पानतंबाखू खायचा."

नाटेकर खाटेवर बसले. मेणकापडाची पद्धत बसवली तेव्हापासून एकोणीस वर्षं हणमंत त्यांच्याकडे होता. ज्या पद्धतीची छाती फुगवून त्यांनी साऱ्या खात्यात टिमकी वाजवली, तिचा अर्धा भाग त्या माणसाच्या हातात होता, आणि तोच भाग ते वेळेचा अपव्यय म्हणून रत्नागिरीलाच टाकून आले होते.

"आता जा आणि साहेबांना सांगा," रमाबाई म्हणाल्या.

"उद्या प्रयोग आहेच. पाकीट सुटेल. आपोआप कळेल सगळ्यांना."

"म्हणजे तोंड उघडायला नको, असंच ना?"

"तुला काय कळतंय ऑफिसमधलं!" नाटेकर खेकसले. पण रमाबाईंनी बरोबर नाडी पकडली होती. पाकीट सुटू दे, पोरगा सुटू दे, फक्त 'मी चुकलो' हे दोन शब्द आपल्या तोंडून निघायला नकोत, एवढंच त्यांना हवं होतं.

सोमवारी दहा वाजता माथुर साहेबांच्या खोलीत चौघे जमले: साहेब, नाटेकर, शर्मा नावाचे कारकून आणि स्टेनो. पांडेजींना बाहेर बाकावर बसवलं, कारण ज्याच्यावर आरोप आहे तो समोर नको. नाटेकरांनी डिंक लावला, दाट, नेहमीसारखा. मेणकापड हातात घेतलं.

"ठहरिए," साहेब म्हणाले. "जोड़ पर चारों के दस्तख़त हो जाएँ. बाद में कोई यह न कहे कि बदल दिया."

साहेबांनी सही केली. नाटेकरांनी केली. शर्मांच्या पेनमधली शाई संपली, ती आणायला स्टेनो गेला. वर पंखा गरगरत होता. खिडक्यांना वाळ्याचे पडदे अजून लागायचे होते, त्यामुळे उघड्या खिडकीतून लू सरळ टेबलावर येत होती. पाकीट उडू नये म्हणून नाटेकरांनी त्यावर तळहात ठेवला. बोटाखाली फ्लॅपची कड लागली. ओली होती. मग चिकट झाली. मग खडखडीत. शाई आली, सह्या झाल्या, दहा-बारा मिनिटं गेली, आणि जयपूरच्या त्या उन्हाळ्याने हणमंताचं काम न सांगता करून टाकलं.

नाटेकरांना समजलं. त्याच क्षणी समजलं. आता हे पाकीट सुटणार नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, हे वाळलं, दुसरं घ्या. ते वाक्य त्यांच्या दातापर्यंत आलं. आणि त्याच वेळी दाराच्या फटीतून त्यांना पांढरीपांडे दिसला, पायावर पाय टाकून बसलेला, आपण जिंकणारच अशा चेहऱ्याने. त्या चेहऱ्याने घात केला. नाटेकरांनी मेणकापड गुंडाळलं आणि चार गाठी मारल्या.

दुपारी ते घरी जेवायला गेले आणि आमटीभात तसाच टाकून उठले. रमाबाईंनी विचारलं, प्रयोगाचं काय झालं. "तीनला कळेल," एवढंच म्हणाले.

तीन वाजता पांडेजींना आत बोलावलं. साहेबांनी गाठी सोडल्या. फ्लॅपखाली नख घालून पाहिलं, मग कागद कापायची सुरी घातली. कागद फाटला, पण जोड सुटला नाही.

"यह तो पत्थर है," साहेब म्हणाले आणि पाकीट पांढरीपांड्यापुढे ठेवलं.

त्याने ते हातात घेतलं. उलटसुलट केलं. फाटलेल्या जागी बोट फिरवलं. नाटेकर वाट पाहत होते की आता हा भांडेल, आरडाओरडा करेल, तुम्हीच काहीतरी केलं म्हणेल. तसं झालं असतं तर फार सोपं झालं असतं.

"साहब," तो हळू म्हणाला, "प्रयोग मैंने ही माँगा था. अब नतीजा मेरे ख़िलाफ़ आया तो उसे झूठा कैसे कहूँ? मैंने नहीं खोला, इतना जानता हूँ. पर मेरी दलील ग़लत निकली." मग तो नाटेकरांकडे वळला. आणि मराठीत म्हणाला, "बाटलीवरून तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं माझं. माफ करा."

टाइप केलेली नोटीस साहेबांनी पुढे ओढली. "नाटेकरजी, आप बस एक लाइन लिख दीजिए. उस दिन भी इसी तरह बंद किया था. मैं नीचे दस्तख़त कर दूँगा."

नाटेकरांनी पेन घेतलं. 'उस दिन भी' एवढं लिहिलं. त्यांना हा पोरगा अजूनही आवडत नव्हता. त्याचं ते माफ करा म्हणणंसुद्धा आवडलं नव्हतं, उलट ते अंगावर उकळतं पाणी पडावं तसं लागलं होतं. चूक नसताना तो चूक म्हणाला, आणि चूक असताना आपल्याला दोन शब्द जड झाले! मेल्या सदाशिवा, लाज आहे का?

"साहेब, फर्क था," ते म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. हणमंत, शेगडी, कालची दोन पाकिटं, सकाळची शाई, पंखा. हिंदी अडखळत होती, मध्येच मराठी येत होती. स्टेनोने लिहायचं सोडून दिलं होतं.

"आपको सुबह दस बजे मालूम था?" साहेबांनी विचारलं.

"हो. हाँ."

"और आप पाँच घंटे चुप रहे."

साहेबांनी नोटीस फाडली. गोपनीय अहवाल नव्याने लिहून आणा म्हणाले, आणि तुमचा अहवाल या वर्षी मी स्वतः लिहीन, असंही म्हणाले. एकतीस वर्षांच्या कागदावर डाग पडला तो असा.

पांढरीपांडे व्हरांड्यात उभा होता. नाटेकर बाहेर आले तेव्हा त्याने वाट अडवली.

"आभार मानू का तुमचे?"

"नको."

"मानणारही नव्हतो." तो वाटेतून हलला नाही. "बाहेर बसलो होतो मी सकाळी. पायावर पाय टाकून, कारण पाय हलून राहिले होते, दिसू नये म्हणून. तीन वाजता मला खरंच वाटलं, मी शिकलो ते सगळं खोटं. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला माफी मागू दिली!"

"मी चुकलो," नाटेकर म्हणाले. निघाले एकदाचे शब्द.

"मला काय सांगता? साहेबांच्या खोलीत चार माणसं होती, तिथे सांगितलं. ठीक. पण चोर काय मला तुम्ही त्या खोलीत म्हणाले होते? विभा दोन दिवस जेवली नाही. पोरीला घेऊन नागपूरला जाते म्हणते. तुम्ही ज्या ज्या घरात माझं नाव घेतलं, त्या त्या घरात जा आणि हेच सांगा. मग मला सांगा." आणि तो सायकल काढून निघून गेला.

नाटेकर घरी गेले नाहीत. ऊन अजून उतरलं नव्हतं, तरी टोपी सारखी करून ते सरळ टिपणिसांच्या दारात गेले. सुनंदाबाईंनी दार उघडलं. टिपणीस नुकतेच येऊन पंख्याखाली बसले होते.

"बसत नाही," नाटेकर म्हणाले. "एक सांगायला आलोय. त्या दिवशी मी पांढरीपांड्याबद्दल बोललो ते साफ चुकीचं होतं. पाकीट त्याने उघडलं नाही. माझ्याच हातून नीट बंद झालं नव्हतं. साहेबांपुढे सिद्ध झालंय. पोरगा निर्दोष आहे."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"कळलं हो आम्हाला," सुनंदाबाई हळुवारपणे म्हणाल्या. "टेंपररी पोरगा, पदरात तान्ही मुलगी. तुम्ही त्याला पदराआड घेतलंत."

"पदराआड नाही घेतलं! खरं सांगतोय मी. चूक माझी होती."

"आणि वर चूकही स्वतःच्या अंगावर घेतलीत." टिपणीस उठून उभे राहिले, त्यांनी नाटेकरांच्या खांद्यावर हात ठेवला. "एकतीस वर्षांत ज्याचं पाकीट सुटलं नाही तो माणूस एका चोरट्या पोरासाठी असं म्हणतो! नाटेकर, आजकाल असं मन राहिलं नाही कुणाचं."

"अहो, ऐकून तरी घ्या! मी खोटं बोललो होतो!" नाटेकर ओरडले. रस्त्यावरचा भाजीवाला थांबून बघायला लागला.

"हळू, हळू. आम्ही नाही कुणाला सांगणार," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "फक्त त्या विभाला तेवढं घरात घेऊ नका म्हणावं रमाताईंना. थांबा, तुमच्यासाठी गार पाणी आणते."

नाटेकर पाण्याला थांबले नाहीत. पुढचं घर कोपऱ्यावर होतं. फाटक उघडायच्या आतच त्यांना ओसरीवरून हाक आली, "या या, नाटेकर! तुमचे शर्मा आत्ताच सांगून गेले, साहेबांपुढे तुम्ही त्या पोराला कसं वाचवलंत ते!"